परतीचं पाणी

बिघडलेल्या यंत्राची मला कधी भीती वाटली नाही. ते खडखडतं, गळतं, बंद पडतं. म्हणजे आपल्या परीने बोलतं. तीस वर्षं मी इमारतींची तापवायची यंत्रणा बसवतोय आणि दुरुस्त करतोय, तेव्हा ही भाषा मला बरी येते. पण उत्तम चालणारं आणि तरीही चुकीचं असं यंत्र माझ्या वाट्याला एकदाच आलं, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या दारात.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती वृद्धांसाठी एक निवास चालवते. पूर्वी मोज्यांचा कारखाना असलेली दुमजली इमारत, मागे मोकळं अंगण, सव्वीस माणसं. आदल्या हिवाळ्यात तिथला तेलावरचा जुना बॉयलर ऐन थंडीत चार दिवस बंद पडला होता. त्या चार दिवसांत वरच्या मजल्यावरचे दोघं छातीत सर्दी होऊन गेले. ताई त्याबद्दल बोलत नाही. फक्त तेव्हापासून तिला दर तासाला भिंतीवरचं थर्मामीटर बघायची सवय लागली, जेवता जेवता उठूनसुद्धा.

बॉयलर काढून जमिनीखालच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसव, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं. महिनाभर तिच्या मागे लागलो होतो.

"सोपं आहे गं," मी तिला समजावलं होतं. "जमिनीखालचं पाणी बारा महिने बारा अंशांवर असतं. बाहेर बर्फ पडो नाहीतर ऊन. एका बोअरमधून ते वर घ्यायचं, त्यातली पाच अंश ऊब काढून घ्यायची, गार झालेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून परत खाली सोडायचं. ती काढलेली ऊब पंप वाढवतो आणि फरशीखालच्या नळ्यांतून घरभर फिरवतो. तेल नाही, धूर नाही."

"म्हणजे उलटा फ्रिज."

"अगदी बरोबर. उलटा फ्रिज."

"मग जमीन गार पडत नाही का रे?"

"एवढी मोठी जमीन आहे ताई. तिला कळतसुद्धा नाही."

बोअर मारायला मी नेहमीच्या मेस्त्रींना बोलावलं. साठीचे, कमी बोलणारे, कामात चोख. पहिला बोअर अंगणाच्या एका टोकाला, दुसरा त्यापासून चाळीस मीटर लांब, दुसऱ्या टोकाला. पहिल्या बोअरमध्ये अडतीस मीटर खोलीवर मशीनचा दांडा एकदम हातभर खाली गेला, आधार निसटल्यासारखा. खडकात पोकळी असली की होतं असं. पाणी भरपूर लागलं. मेस्त्रींनी ओंजळ भरून बघितली, ओतून दिली आणि मग बराच वेळ हात पँटला पुसत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. मऊ आहे पाणी," ते म्हणाले आणि दांडे गाडीत चढवायला लागले.

थंडी सुरू व्हायच्या आठवड्यात यंत्रणा चालू केली. आत येणारं पाणी बारा अंश, बाहेर जाणारं सात. पुस्तकात छापावी तशी आकडेवारी. फरशा कोमट झाल्या, ताईने चार दिवसांत थर्मामीटरकडे बघणं कमी केलं आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

तिसऱ्या आठवड्यात येणारं पाणी चौदा अंशांवर गेलं.

यंत्रणेचे आकडे मला फोनवर दिसायचे. पाणी हळूहळू थंड होत गेलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. आपण ऊब काढतोय, ती कमीच व्हायला हवी. पण चौदाचे सतरा झाले, सतराचे एकवीस. मी सेन्सर बदलला. नवा सेन्सर म्हणाला, बावीस. साधं काचेचं थर्मामीटर दोरीला बांधून बोअरमध्ये सोडलं. तेही बावीसच म्हणालं.

हीट पंप बनवणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर मी पाऊण तास ताटकळलो. शेवटी एक मुलगी बोलायला आली.

"सर, घरात ऊब येत नाहीये का?"

"येतेय. भरपूर येतेय."

"मग वीज जास्त लागतेय का?"

"कमी लागतेय. तुमच्या पंपाला जवळजवळ कामच उरलेलं नाही. पाणीच मुळात गरम येतंय."

"सर, मग तक्रार नेमकी काय म्हणून लिहून घेऊ?"

त्या वेळी मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला होता. पुढचे दोन आठवडे हेच चाललं. पाण्याच्या खात्यातला माणूस म्हणाला, नशीबवान आहात. भूगर्भाचा अभ्यास केलेला माझा जुना मित्र म्हणाला, या भागात गरम झरे नाहीत, तुझंच काहीतरी चुकतंय. आपल्या फायद्याची चूक असली की कुणाला ती चूक वाटतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

चाळिसाव्या दिवशी पाणी छत्तीस पूर्णांक नऊवर पोचलं आणि थांबलं. तिथून ते हलेना. बाहेरचं तळं गोठलं, तरी छत्तीस पूर्णांक नऊ.

पाण्याचा नमुना मी तपासायला दिला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी अहवाल हातात ठेवला. "पाणी स्वच्छ आहे. फक्त थोडं खारट आहे."

"किती?"

"अगदी थोडं. दवाखान्यात सलाईन लावतात ना, तेवढंच. डोळ्यांत गेलं तर झोंबणारसुद्धा नाही." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बोअरचंच आहे ना हे?"

अहवाल घेऊन मी तडक ताईकडे गेलो. दुपारच्या चहाची वेळ होती. मोठ्या खोलीत सगळे जमले होते, आणि दोघंतिघं सोडले तर कुणी खुर्चीवर नव्हतं. गुडघ्यांच्या नावाने वर्षभर बोटं मोडणारी माणसं फरशीवर मांडी ठोकून बसली होती. काहीजण आडवे. एक आजोबा गाल फरशीला लावून गाढ झोपले होते.

"अरे ये नळ्या," ताई म्हणाली. लहानपणी मी घरातला प्रत्येक नळ खोलून ठेवायचो, त्यावरून पडलेलं हे नाव. अजून चारचौघांत हाक मारते. "बघ सगळे कसे खूश आहेत. या वर्षी एकाला साधा खोकला नाही."

तिथे एक बाई राहतात, आयुष्यभर टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणतात. नजर अधू झालीय, पण कान तिखट. त्या भिंतीला टेकून, मोजे काढून, तळवे फरशीवर टेकवून बसल्या होत्या.

"इंजिनियर," त्या म्हणाल्या, "तुमची ही फरशी आम्हाला फार आवडते. पण खरं सांगू? ही शेगडीची ऊब नव्हे."

"मग कसली?"

"लहानपणी आम्ही चार बहिणी एका पलंगावर झोपायचो. पाठीला पाठ लावून. तसली."

बाकीचे हसले. मीही हसलो, पण हातातला अहवाल ताईला दाखवायचं धाडस त्या खोलीत झालं नाही. तिला पंपघरात नेलं. पाण्याची पातळी मोजायला मी बोअरमध्ये एक सेन्सर सोडला होता, त्याचा आलेख मोबाईलवर उघडून तिच्या हातात दिला. वर, खाली. वर, खाली. अगदी सावकाश, अगदी एकसारखं. मिनिटाला चौदा वेळा.

"पंप पाणी ओढतो म्हणून हलत असेल," ताई म्हणाली.

"हा पंप बंद असतानाचा आलेख आहे."

तिने बराच वेळ बघितलं. मग मोबाईल मला परत दिला. "तुझं म्हणणं काय आहे?"

तोच तर प्रश्न होता. माझं म्हणणं काय आहे, हे मलाच शब्दांत मांडता येत नव्हतं. "काही दिवस बंद ठेवूया. कारण सापडेपर्यंत."

"या थंडीत?"

"विजेचे हीटर आणतो भाड्याने."

"आणि रात्रीत फ्यूज उडाले तर? तुला माहितेय मागच्या वर्षी मी काय बघितलं ते. वरच्या मजल्यावर. दोनदा." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "घर गरम आहे. माणसं बरी आहेत. तुला फक्त आकडा आवडलेला नाही. तुझ्या आकड्यासाठी मी यांना गारठवणार नाही."

मी चिडून घरी आलो आणि बायकोवर, जिचा यात काही संबंध नव्हता, उगाच खेकसलो.

सत्तराव्या दिवशी पाणी अडतीस पूर्णांक चार झालं.

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. पातळीचा आलेख मिनिटाला तीसच्या वर गेला होता, आणि त्याच्या रेघा आता गोल उरल्या नव्हत्या, कापऱ्या झाल्या होत्या. मी मेस्त्रींना फोन केला. ते टाळाटाळ करायला लागले. दुसरं काम आहे, गाडी बंद आहे, पाठ धरलीय. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा आले.

अंगणात बर्फ साचलेला होता. परतीच्या बोअरभोवती मात्र हातभर जागा कोरडी. मेस्त्रींनी हातमोजा काढला आणि जमिनीबाहेर आलेल्या लोखंडी पाइपवर तळहात टेकवला. मग हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू लावून बघितली. घरात कुणी आजारी असलं की बघतात तसं.

"इथून आपण काय सोडतो खाली?" त्यांनी विचारलं.

"तेच पाणी. ऊब काढून घेतलेलं."

"म्हणजे गार."

"आलं त्यापेक्षा पाच अंश गार."

"किती दिवस झाले?"

"एक्काहत्तर."

त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. "एक्काहत्तर दिवस कुणाच्या अंगावर गार पाणी ओतत राहिलात तर ताप येणारच की साहेब."

"कुणाच्या अंगावर, मेस्त्री?" मी ओरडलोच. "खडक आहे खाली! खडक आणि वाळू!"

ते वाद घालायला थांबले नाहीत. फाटकापाशी जाऊन वळले आणि म्हणाले, "मी दांडा काढला तेव्हा टोकाला माती नव्हती. अडतीस मीटर खालून काढलेला दांडा, पुसल्यासारखा स्वच्छ." आणि गेले.

बहात्तराव्या दिवशी दुपारी दोन वाजता ताईचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

मी पोचलो तेव्हा मोठी खोली शांत होती. फरशी चांगली गरम होती, बुटांतूनही जाणवत होती. हवा सत्तावीस अंश. खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या.

सगळे थरथरत होते.

सव्वीसच्या सव्वीस. खुर्चीतले, फरशीवरचे, पलंगावर निजलेले. दातांवर दात वाजत होते. स्वयंपाकीणबाई दारात चौकटीला धरून उभ्या होत्या, त्यासुद्धा.

मी मोबाईल काढला. आलेखाची रेघ वर जायची तेव्हा खांदे वर जायचे. रेघ खाली यायची तेव्हा खाली. सगळे एका वेळी.

"ताप नाहीये कुणाला," ताई म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "मी सगळ्यांचा बघितला. कुणालाच ताप नाहीये."

मी पंपघरात धावलो. मुख्य बटण बंद केलं. दोन्ही बोअरचे व्हॉल्व्ह आवळले. पंप घरघरून थांबला.

परत आलो. थरथर चालूच.

ऑपरेटरबाईंनी माझी पँट घट्ट धरली. "इंजिनियर," त्या म्हणाल्या, शब्द तुटत होते, "घाल ना रे बाबा. त्याच्या अंगावर. काहीतरी घाल."

ही यंत्रणा उलटीही चालते. उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडता यावी म्हणून तशी सोय असते. ऐन थंडीत ती कुणी वापरत नाही.

मी ताईकडे बघितलं. "उलटं चालवलं तर घर थंडगार पडेल. आहे ती सगळी ऊब खाली जाईल."

तिने भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं. मग खोलीकडे.

"चालव," ती म्हणाली.

मी व्हॉल्व्ह पुन्हा उघडून यंत्रणा उलटी सुरू केली. मग आम्ही कपाटं रिकामी केली. घोंगड्या, रजया, पडदे, टेबलावरची कापडं. स्वयंपाकघरात पाणी तापत राहिलं आणि पिशव्या भरत राहिलो. संध्याकाळपर्यंत हवा अठरावर आली. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी खोलीत श्वासाची वाफ दिसायला लागली. ताई पिशव्या बदलत एका पलंगावरून दुसऱ्याकडे जायची, प्रत्येकाच्या छातीवर कान टेकवायची. कुणी कुरकुरलं नाही. उलट एका आजोबांनी स्वतःची रजई काढून मला दिली. "ही पण खाली सोडता येईल का बघा," म्हणाले.

पहिल्या रात्रीनंतरच थरथर कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी थांबली.

बोअरचं पाणी एकोणचाळीसवरून सदतीसवर आलं. सदतीसवर काही तास टिकलं. मग भराभर उतरत गेलं. तीस, बावीस, पंधरा. चौथ्या सकाळी बारा. पातळीची रेघ सरळ झाली, पट्टीने ओढल्यासारखी.

मी पंपघरातल्या स्टुलावर बसून ती सरळ रेघ बघत राहिलो. दोन महिने मला नेमका हाच आकडा हवा होता. कुणीतरी बरं झालं की कुणीतरी गेलं, एवढंच कळायला मार्ग नव्हता. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

तरी मी कच्चं काम ठेवलं नाही. दोन्ही बोअरमधले पंप उपसून काढले. पाइप कापले. फरशीखालच्या नळ्यांतलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढून त्या कोरड्या केल्या. बोअरची तोंडं सिमेंटने बुजवली, स्वतःच्या हातांनी. प्रत्येक खोलीत विजेचा हीटर लावून दिला आणि तेलाचा नवा बॉयलर मागवला. तो यायला तीन आठवडे लागणार होते. ताई मला काही बोलली नाही. निघताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आई फिरवायची तसा, आणि मला आणखीच अपराधी वाटलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी तिचा फोन आला.

"अरे, ते हीटर घेऊन जा. पडून आहेत नुसते."

"पडून? बाहेर उणे सहा आहे ताई."

"हो का?" ती जरा हळू आवाजात बोलत होती. "आणि बॉयलरची घाई करू नकोस. जमलं तर रद्दच कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तिथे होतो. दाराशी सगळ्यांचे बूट-चपला नीट ओळीने काढून ठेवलेले. आधी कधी नसायचे. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज नव्हता, कुठे रेडिओ नव्हता. हीटर जिन्याखाली एकावर एक रचून ठेवलेले, वायरी गुंडाळून.

मी बूट काढले. पाय टेकवला.

फरशी कोमट होती.

खालच्या नळ्या मी स्वतः रिकाम्या केल्या होत्या. कापलेली तोंडं पंपघरात उघडी होती. मी आधी तिथेच जाऊन बघून आलो होतो. आत कोळ्याने जाळं विणलं होतं.

मोठ्या खोलीत सगळे फरशीवर बसले होते, सुरकुतलेले, शांत, गालांवर रंग आलेला. कुणी वाचत होतं, कुणी विणत होतं. मी आत पाऊल टाकल्याबरोबर ऑपरेटरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी गुडघ्यांवर बसलो. तळहात टेकवला. बराच वेळ काही नाही. मग हात किंचित वर उचलला गेला, आणि तेवढाच खाली आला.

"ताई," मी म्हणालो, "सगळ्यांना आत्ताच्या आत्ता इथून हलवायला हवं."

ताई माझ्या शेजारी येऊन बसली. तिने मला शांतपणे समजावायला सुरुवात केली. थंडीत म्हाताऱ्या माणसांना कुठे हलवायचं, घर छान गरम आहे, कुणाला काही त्रास नाही, मी फार दमलोय, दोन दिवस घरी आराम करावा. सगळं पटण्यासारखं होतं. तिचा चेहराही नेहमीसारखाच होता, काळजीचा, थोरल्या बहिणीचा.

पण बोलता बोलता तिचा डावा हात फरशीवर हलकेच थोपटत होता, आणि आपण थोपटतोय हे तिला माहीतच नव्हतं.